जावयाच्या गाडीचं तेल

बेबीच्या हातावरचा डाग मला दिसला, आन तिथून माझ्या जिवाला घोर लागला.

धोंड्याचा महिना व्हता, भर उन्हाळ्यात आलेला. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला अधिक. मंग जावयाला धोंडे खायला बोलवायचं, दिव्याचं वाण द्यायचं, कपडे करायचे, हे काय सांगायला पाहिजे का? बेबीनंदा आधी एकलीच अंबडहून बसनं आमच्या आष्टीला आल्ती. जावाई मागून येणार व्हते आन धोंडे खाऊन तिला संगं घेऊन जाणार व्हते.

लेक आली की घर कसं भरल्यावानी व्हावं. ही आली आन घर उलटं गप झालं. लग्नाआधी हिचं तोंड बंद करायला मला लाटणं दाखवावं लागायचं, इतकी बडबडी. आन आता माठापाशी उभी राहून मला विचारती, "माय, पाणी घेऊ का?" अगं बये! घर तुझं, माठ तुझा, विचारती काय? तर म्हणली, "सवय लागली."

आन तो डाग. वेणी घालायला बसवलं तव्हा दिसला. डाव्या हाताला, मनगटाच्या वर, आतल्या अंगाला. लांबट, रुंद, आताशी खपली निघालेला.

"हे काय गं?"

"तव्याचा चटका," म्हणली, आन पदर वढून घेतला.

आता मी जन्मभर भाकरी थापल्या. तव्याचा चटका बोटाला बसतो, लई झालं तर तळहाताच्या कडंला. हाताच्या आतल्या अंगाला एवढा रुंद तवा कसा लागतो, ते मला कुणी सांगा. माझ्या पोटरीला बराबर तसाच डाग हाये, आमच्या राजदूतच्या सायलेन्सरचा. मोटारसायकलवर मागं बसणाऱ्या बाईला तो एकदा तरी बसतोच. पण पोटरीला. हाताला कशापायी बसंल? मी माझ्याच मनाला दटावलं, चतुराबाई, तू उगं नसत्या शंका काढून राह्यली.

रोज तिला विचारायची, "सगळं बरं हाये ना गं तिकडं?" ती म्हणायची, "बरं हाये." तोंडावरची माशीबी हलायची न्हाई. मी रातभर कूस बदलायची, आन बेबीचे आप्पा शेजारी घोरायचे. त्यांना एक सांगायची सोय न्हवती. जावाई म्हणलं की ह्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात.

ह्यांचं सांगते. आमचे मालक रामकिसन, बायकोला एक येळ विसरतील पण राजदूतला न्हाई. गाडी जुनी, आवाज असा की पार परतूरच्या रस्त्यावरून कळायचं, हे आले. त्या गाडीचं एक असतं, पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. पेट्रोल वता, वरून मापानं तेल वता, झाकण लावा, आन मंग गाडी धरून अशी डावीकडं-उजवीकडं हलवायची, म्हणजे टाकीत दोन्ही एकजीव व्हतं. हे एका बाजूनं धरायचे, मी दुसऱ्या बाजूनं. लग्न झाल्यापास्नं माझं हे एक काम ठरलेलं. लोकं म्हणायची, रामकिसन आन चतुराबाई गाडीला पाळण्यात घालून राह्यले.

एकदा मातर हे तेल घालायचं इसरले. घाईत व्हते, नुसतं पेट्रोल वतलं आन निघाले. नाल्याच्या पुलावर इंजन आतल्या आत धरलं, मागचं चाक जागीच बसलं, आन हे गाडीसगट दगडावर. गळ्याखालचं हाड मोडलं. ते जुळलं पण वाकडं जुळलं, अजून तो खांदा खाली हाये. तव्हापास्नं त्या माणसाला एकच भ्या. कुणाचीबी गाडी दिसली की आधी टाकीचं झाकण उघडून वास घेणार. तेल हाये का, बराबर हाये का.

तर जावाई आले. देवानंद त्यांचं नाव, अंबडला खता-बियाण्याचं दुकान. नवीकोरी होंडा घेतल्ती. काळी कुळकुळीत, आवाज इतका हळू की दारात येऊन थांबली तरी आमाला कळलं न्हाई. हे तर बघतच राह्यले. "पाव्हणं, हिला आवाजच न्हाई?"

"फोर स्ट्रोक हाये, मामा. राजदूतवानी भोंगा न्हाई," जावाई हसून म्हणले. वरून म्हणले, "हिला तेलबी लागत न्हाई पेट्रोलात."

हे मान हलवून "हौ का, हौ का" करत राह्यले. पण मी वळखलं, पटलं न्हाई. मागं सैपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणले, "तेलाबिगर काय चालतं गं दुनियेत? कंपनीवाले काईबी सांगतात, आन हे पोरगं आईकतं."

"तुमी तोंड बंद ठेवा," मी म्हणलं. "आज वाणाचा दिवस हाये."

धोंडे झाले. जावयाला पाटावर बसवून ववाळलं, कपडे दिले. ताटात पितळंचा दिवा ठेवला, तेलवात घालून, पेटवून. जेवणात जावाई चांगले बोलले हो. माझ्या पुरणाची तारीफ केली. मी मनात म्हणलं, बघ, किती गोड माणूस. तेवढ्यात बेबी वाढायला आली आन तुपाचा एक थेंब त्यांच्या नव्या कपड्यांवर पडला. त्यांनी नुसतं वर पाह्यलं तिच्याकडं. आन माझ्या पोरीच्या हातातली वाटी खडखडायला लागली.

जेवून जावाई सोप्यात आडवे झाले, घोरायला लागले. मी भांडी आवरत व्हते. थोड्या येळानं अंगणात आले तर हे गाडीपाशी. टाकीचं झाकण उघडलेलं, किल्ली गाडीलाच व्हती. तुरीच्या काडीचं टोक पेट्रोलात बुडवून उन्हात धरून बघत व्हते. तोंड पार उतरलेलं.

"काय झालं?"

"पांढरं फट्ट हाये गं," हे म्हणले. "थेंबभर तेल न्हाई. नुसत्या पेट्रोलवर चालवून राह्यला. अगं, इंजन धरलं म्हणजे? मागं आपली पोर बसणार हाये." आन आपला तो वाकडा खांदा चोळायला लागले.

मलाबी घाम फुटला. खोटं कशाला सांगू? पुलावरनं ह्यांना बैलगाडीत घालून आणलं तव्हाचं सगळं डोळ्यांपुढं आलं. "मंग सांगा की त्यास्नी," मी म्हणलं.

"जावयाला सांगू, तुमाला गाडी कळत न्हाई म्हणून? आज?" ह्यांनी कानाला हात लावला. "गुपचूप घालतो. दिव्यात तेल घालून दिलं ना जावयाला? मंग गाडी कोरडी कशी पाठवू?"

आता ह्याला काय म्हणायचं? मला तव्हा ते इतकं बराबर वाटलं की मी वरून म्हणलं, "चांगलं आणा मातर. सुटं नको."

बसथांब्याजवळ महेमूदचं दुकान. गाड्या दुरुस्त करतो, तेलपाणी इकतो. आमचे मालक स्वतःच्या राजदूतला कायम डरममधलं सुटं तेल घ्यायचे, तेबी घासाघीस करून. त्या दिवशी मातर शिलबंद डबा मागितला. महेमूद परतूरला सामान आणायला गेल्ता, गल्ल्यावर त्याची माय जन्नतबी बसल्ती. ह्यांनी तिथंबी डोकं खाल्लं म्हणे. ह्या डब्याचा रंग बघ, त्याचा वास घे, थेंब बोटावर घेऊन चोळून बघ, हे पातळ, हे दाट. जन्नतबी शेवटी म्हणली, "क्या भई, जवाई की गाडी है का जवाई को पिलाना है?" सगळ्यात भारी डबा घेऊन आले. लाल डबा. मला असा दाखवला, देवाचा परसाद आणल्यावानी.

मंग अंगणात ह्यांनी डबा फोडला आन तेल टाकीत वतलं. मापापेक्षा जरा जास्तच, जावाई हाये म्हणून. झाकण लावलं. आन सवयीनं हे एका बाजूला गेले, मी दुसऱ्या बाजूला. हळूच, आवाज न करता, गाडी हलवायला लागलो. डावीकडं, उजवीकडं.

वर पाह्यलं तर बेबी दारात उभी. हातात ओलं पातेलं. ह्यांनी ओठांवर बोट ठेवलं, बोलू नको म्हणून. ती आमच्याकडं बघत व्हती, टाकीकडं बघत व्हती, लाल डब्याकडं बघत व्हती. आन मंग हसली. आल्यापास्नं पहिल्यांदा. चांगली दात दाखवून. मला इतकं बरं वाटलं ना. म्हणलं, बघ, पोर हसली, तूच वेडी. मनातलं अर्धं वझं तिथंच उतरलं.

जावाई उठले, च्या घेतला, म्हणले निघतो. मी म्हणलं, ऊन उतरू द्या. तर म्हणले, "न्हाई मामी, दुकान बंद हाये." बेबीची वेणी मी नीट घातली, कुंकू लावलं, वटी भरली. माझ्याच हातानं. ती पाया पडली आन मागं बसली. एक हात सीटला धरला, दुसरा पदराखाली झाकून घेतला, डागाचा. गाडी निघाली. मागून निळसर धूर आला.

"बघ," हे खुश झाले. "तेल लागलं. आता आवाज कसा मऊ येऊन राह्यला."

मी पार वळणापतूर बघत राह्यले. बेबीनं मागं वळून पाह्यलं न्हाई. वळली असती तर मला रडू आलं असतं, म्हणून तिनं पाह्यलं न्हाई, अशी मी समजूत घातली.

लई येळ झाला नसंल. मी सोप्यातलं अंथरूण झटकत व्हते, तर महेमूद सायकल दामटत दारात. घामानं निथळत व्हता.

"चाचा, अम्मा बोली लाल डब्बा ले गये जवाई की गाडी के वास्ते. कौनसी गाडी है?"

"होंडा," हे छाती काढून म्हणले. "नवी."

"किधर डाले तेल?"

"टाकीत. मिसळून बराबर हलवलीबी."

महेमूदनं कपाळाला हात लावला. "या अल्ला. चाचा, वो गाडी का तेल अलग रैता. नीचे इंजन में रैता. पेट्रोल में नक्को उसको, बिलकुल नक्को. ये तुम्हारे राजदूत का तेल है. प्लग काला हो जाता, धुवाँ मारती और बंद पडती."

"इंजन धरतं का रे?" मी मधीच वरडले. "पोर पडंल का माझी?"

"नै चाची, गिरने का डर नै. खाली रस्ते में बंद पडती. प्लग बदलो, टाकी खाली करो, दूसरा पेट्रोल डालो, फिर चलती जैसी की तैसी."

ह्यांचं तोंड असं झालं की मला शिव्या द्यायच्या व्हत्या, पण आल्या न्हाईत. हे मटकन वट्यावर बसले. "जावाई काय म्हणतील गं? धोंड्याचं खाऊन निघाले आन सासऱ्यानं गाडी बंद पाडली. पोरीला जन्मभर टोमणे आइकावे लागतील."

खरं सांगू? मला टोमण्याचं भ्या न्हवतं. टोमणे सगळ्यांनाच असतात. मला ती खडखडणारी तुपाची वाटी दिसत व्हती. एका थेंबाला जो माणूस तसा बघतो, तो भर उन्हात, सामसूम रस्त्यात, गाडी बंद पडल्यावर कसा वागंल? आन तिथं माझी पोर एकली.

"उठा," मी म्हणलं. "बसता काय? गाडी काढा."

महेमूदनं नवा प्लग दिला, पाना दिला, एक कॅन चांगलं पेट्रोल, एक कॅन रिकामा. मी पदर खवचला, दोन्ही कॅन मांडीवर घेतले आन राजदूतवर मागं बसले. अंबडकडं जाणाऱ्या कुंभार पिंपळगावच्या रस्त्याला लागलो. हे पुढून बडबडत व्हते, "मापानं घातलं असतं तर पोचली असती गं. मीच जास्त वतलं. भारीतलं वतलं." मी म्हणलं, "तोंड मिटा आन चालवा, धूळ जाईल तोंडात."

रस्त्याला लिंबाखाली रसवंती व्हती. तिथं इचारलं, काळी गाडी गेली का, नवराबायको? रसवाला हसला. "गेली की, धूर सोडत. फवारणी करत चालल्यावानी." पुढं एक म्हातारी शेळ्या घेऊन. तिला इचारलं. ती म्हणली, "गेले बाई. फट फट करत. मधी थांबले व्हते, तो बाप्या लई वरडत व्हता." कॅन घसरायला लागला, तो मी छातीशी धरला. म्हणलं, देवा, तिला मारलं नसंल ना, एवढं कर.

मंग पुढं चढ लागला. आन चढावर मला ते दिसले.

गाडी बंद पडल्ती. उतरून दोघांनी ढकलावी, का न्हाई? एकानं पुढून हँडल धरावं, एकानं मागून जोर लावावा. पण जावाई गाडीवर बसल्ते. चांगले ऐसपैस, डोक्याला रुमाल बांधून, पाय नुसते जमिनीला टेकवून. आन माझी पोर मागून ढकलत व्हती. नव्या लुगड्यात, वटीचे तांदूळ सांडत, चढावर. चपला कुठं गेल्त्या कोण जाणे. ती वाकली की गाडी थोडी पुढं जायची, थांबली की मागं यायची, तव्हा जावाई वरून मान वळवून काईतरी म्हणायचे आन ती परत वाकायची.

"मालक, दिसलं का?" मी म्हणलं.

ह्यांनी राजदूत अजून दामटली. राजदूतचा आवाज आल्याबरूबर जावाई टुणकन खाली उतरले आन हँडल धरून उभे राह्यले. रुमाल काढला. तोंडावर तेच जेवणावरचं गोड हसू.

"मामा? तुमी कसे काय?"

ह्यांनी गाडी लावली आन हात जोडले. "चूक झाली पाव्हणं. तेल मी घातलं पेट्रोलात. मला कळलं न्हाई. आत्ता नीट करून देतो."

तेवढं आइकलं आन ते हसू गेलं. "तुमी? तुमी घातलं? न इचारता? अडाणी का काय तुमी? गाडीची किंमत म्हाईत हाये का?" बोलत गेले, बोलत गेले. सासरा वयानं बापावानी, पण जीभ थांबली न्हाई. हे खाली मान घालून गुडघ्यावर बसले, पाना लावला, प्लग काढला. काळाकुट्ट, चिकट. तो फेकला, नवा बसवला. पेट्रोलची नळी काढली, टाकी रिकाम्या कॅनात उतरवली. सगळं आइकत. माझं ध्यान मातर बेबीकडं व्हतं. ती रस्त्याच्या कडंला उभी व्हती. तळपाय पोळत व्हते म्हणून एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. मी माझ्या चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या. तिनं आधी जावयाकडं पाह्यलं, मंग घातल्या.

चांगलं पेट्रोल वतलं. जावयानं किक मारली, दुसऱ्याच किकला गाडी लागली. आधी धूर आला, मंग कमी झाला, मंग तोच हळू, गोड आवाज.

"बस," जावाई म्हणले. माझ्या पोरीकडं न बघता.

बेबी पुढं आली. चढायच्या आधी ती गाडीला वळसा घालायला लागली, सायलेन्सरच्या बाजूनं. तशी जावयानं हँडलवरचा हात नुसता उचलला, रुमाल खिशात घालायला. नुसता उचलला हो. आन तिनं झटकन डावा हात छातीशी आवळून धरला, तो डागाचा हात, आन तापलेल्या सायलेन्सरपासून अशी मागं सरली, जशी कुणी तिथं आत्ता तिचा हात धरून दाबणार हाये.

तवा न्हवता तो. मला तिथंच कळलं. आरं मेल्या, माझ्या पोरीचा हात! एवढंच डोक्यात घुमत राह्यलं. तोंडातून मातर आवाज हळू निघाला. माझं मलाच नवल वाटलं.

"बेबी, तू इकडं बस. आप्पांच्या गाडीवर."

"म्हणजे?" जावाई म्हणले.

"म्हणजे काय? तेल आमच्या चुकीनं गेलं, ते आमी काढलं. तुमची गाडी नीट झाली. घेऊन जावा. पोरगी न्हाई येत."

"मामी, हे बरं न्हाई. लोक काय म्हणतील? धोंड्याच्या दिवशी?"

"लोकांना मी बघते."

"मंग उद्या नांदवा म्हणून पाया पडत याल, तव्हा—"

"ते तिच्या हातावरचा डाग बरा झाल्यावर बघू," मी म्हणलं. आन त्या माणसानं खाली पाह्यलं. बस्, मला दुसरा पुरावा नको व्हता.

आता मला धाकधूक एकच. आमच्या मालकांची. जावयापुढं हात जोडून उभा राहणारा माणूस. आता म्हणतील, अगं चतुरा, असं नको करू, समजुतीनं घे. मी त्यांच्याकडं बघायचीच टाळत व्हते. तर हे कॅन घेऊन उभे. होंडाच्या टाकीतून काढलेलं, तेल मिसळलेलं पेट्रोल. हात फडक्याला पुसले, राजदूतच्या टाकीचं झाकण उघडलं, आन ते सगळं पेट्रोल हळूहळू आत वतलं. थेंब वाया जाऊ दिला न्हाई. झाकण लावलं. मंग वाकडा खांदा सावरून गाडीची एक बाजू धरली आन माझ्याकडं पाह्यलं.

मी दुसरी बाजू धरली. भर रस्त्यात, जावयापुढं, आमी दोघांनी गाडी हलवली. डावीकडं, उजवीकडं.

"ये बेबी," हे म्हणले. "मधी बस."

जावाई कव्हा गेले ते मी पाह्यलं न्हाई. त्या गाडीचा आवाज तसाबी आइकू येत न्हाई.

परतीला ऊन उतरलं व्हतं. राजदूत भडभड करत चालली व्हती. माझे दोन्ही हात पोरीच्या कमरंभोवती, तिची वेणी माझ्या तोंडावर. तिची पाठ हळूहळू सैल व्हत गेली. माझ्या डोक्यात एक गोष्ट खुटखुटत व्हती, मला काई राहवंना. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

"बेबी, आप्पा तेल वतत व्हते तव्हा तू दारात व्हतीस."

"हूं."

"तुला म्हाईत व्हतं? त्या गाडीला ते चालत न्हाई म्हणून?"

"रोज मीच पुसती ना ती गाडी. सर्व्हिसिंगला नेली की धरून उभी मीच राहती. म्हाईत व्हतं."

"आन हसलीस व्हय गं?"

"हसूच आलं, माय. तुमी दोघं किती मायेनं हलवत व्हते."

"मंग बोलली काहून न्हाईस?"

"बोलले असते तर गाडी पोचली असती ना."

रोज मी तिला इचारायची, सगळं बरं हाये का. जायचंय का, हे एकदाबी इचारलं न्हवतं.

"काय म्हणती ती?" हे पुढून वरडले, इंजनाच्या आवाजात.

"काई न्हाई," मी म्हणलं. "तुमी हळू चालवा. आता घाई न्हाई."